लग्नपत्रिकेचं पॅकिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवासमोरही नाही — तिथं मी नुसते हात जोडतो आणि घाईघाईने निघतो. तुम्ही म्हणाल, हा माणूस आणि न सांगितलेलं काही? अंबडला कुणालाही विचारा, मी गॅरेजच्या पायरीवर बसलो की समोरचा चहावाला दूध वाढवतो. एक ट्रॅक्टर मी नुसता खोकून चालू केला, हे मीच सांगितलेलं आहे. एका जीपच्या फिल्टरमधून चिमण्यांचं घरटं काढलं आणि आतली पिलं पेट्रोलच्या वासावर जालन्यापर्यंत न थांबता उडाली, हेही मीच. घरट्यातली एक काडी खरी होती. बाकी सगळं माझं.

एवढं बोलणारा माणूस एका गोष्टीवर बावीस वर्षं गप्प आहे. गप्प तरी कसं म्हणू? तीच गोष्ट तर मी सगळ्यात जास्त सांगितली. फक्त — उलटी सांगितली. आता तोंड दुखतं. ऐकणारे हसतात आणि माझे जबडे दुखतात, असं झालंय.

उस्तादांपासून सुरू करतो. लक्ष्मण मिस्त्री. त्यांच्या हाताखाली मी पाच वर्षं काढली. नट किती आवळायचा इथपासून गाडीवाल्याला कधी नाही म्हणायचं इथपर्यंत जे येतं ते त्यांचं. माणूस बोलायला महाकंजूस. दिवसाला दहा वाक्यं, त्यातली चार इंजिनाशी. पॅकिंग कापायला त्यांनी शिकवलं — दोन लोखंडी भागांच्या मधे हवा जाऊ नये म्हणून जो पातळ कागद बसवतात, ते पॅकिंग. कात्री नाही, ब्लेड नाही. कागद त्या भागावरच धरायचा आणि हातोडीच्या गोल तोंडाने भोकाच्या कडेकडेने टकटक करत जायचं. भोक आपोआप पडतं. पण प्रत्येकाचं वेगळं पडतं, सहीसारखं. आणि एक अट, ती मात्र ते चारदा सांगायचे : "कागद पॅकिंगचाच पायजे. पुठ्ठा न्हाई, वही न्हाई. पेट्रोल त्याला खातंय."

पाच वर्षांनी मी त्यांच्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, माझं गॅरेज टाकलं. नारळ मात्र त्यांच्याच हातून फोडून घेतला मी. तेवढी लाज होती तेव्हा.

मग शिंदे सरांची अँबेसेडर. सर शाळेतून रिटायर झालेले, गाडी त्यांच्याही आधी रिटायर व्हायला हवी होती. रामनवमीला घरचे सगळे घेऊन जांबला निघाले आणि माझ्या दारात गाडी बंद. कार्बोरेटरमधे कचरा. मी खोलला, साफ केला, पण खोलताना खालचं पॅकिंग फाटलं. सणाचा दिवस, स्पेअर पार्टची दुकानं बंद. रस्ता ओलांडून उस्तादांकडून पॅकिंगचा कागद मागायचा — वीस पावलं. तुम्ही विचाराल, का नाही गेलो? कारण चहावाल्याकडे माणसं बसली होती, आणि नुकताच मी त्यांना सांगून राह्यलो होतो की आता उस्तादसुद्धा अडलं की मला विचारतात.

घरात बहिणीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. जाड, गुळगुळीत. टकटक केली, भोकं पाडली, बसवली. सरांना म्हटलं, जाऊन या; मनात म्हटलं, दोन दिवसांनी बदलू. सर जाऊन आले. मी विसरलो. खरंच विसरलो की आठवायचा कंटाळा केला? आता सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुमाराला सरांनी उस्तादांकडून प्लग आणि पॉइंट बदलून घेतले. आठ दिवसांत गाडी उभ्या जागी डुलायला लागली. एक्सिलरेटर दाबला की शहाणी, पाय काढला की रेस वर, खाली, वर, खाली — गोष्ट विसरलेल्या म्हाताऱ्यासारखी. सिग्नल तर आमच्याकडे नव्हताच, पण म्हैस आडवी आली तरी गाडी बंद पडायची. सर वैतागून माझ्याकडे आले.

"लक्ष्मणनं हात लावल्यापासून असं करून राह्यली रे," ते म्हणाले.

आणि मला तेव्हाही पत्रिका आठवली नाही, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा.

मी जत्रा भरवली. चहावाल्याकडची सगळी बाकडी रिकामी झाली. एकेक प्लगची वायर काढून बघितली, प्रत्येकीला इंजिन सारखंच दबलं — म्हणजे प्लग चारही जागेवर. उभ्या गाडीची रेस ठरवणारा स्लोचा स्क्रू फिरवला, जराही फरक नाही. मग मी उदबत्ती मागवली. हाही उस्तादांचाच डाव. कार्बोरेटरच्या बाजूने उदबत्ती फिरवायची, जिथं धूर सरळ वर न जाता आत ओढला जाईल तिथून इंजिन चोरून हवा घेतंय. पेट्रोलजवळ विस्तव — शहाण्याने करू नये असं काम. उस्ताद ओलं फडकं हातात ठेवून, गुपचूप करायचे. मी आरती ओवाळल्यासारखी केली, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. धूर वर, वर, वर — आणि कार्बोरेटरच्या बुडाशी गपकन आत.

"हे बघा! चोर सापडला!" मी ओरडलो.

चार नट काढले. कार्बोरेटर उचलला. आणि खाली पत्रिका. पेट्रोल पिऊन फुगलेली, एका बाजूने आत ओढली जाऊन फाटलेली. एका तुकड्यावर अर्धा गणपती. दुसऱ्यावर लाल शाईत, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या पत्रिकेवर पोरांच्या नावाने असते ती ओळ. खाली नाव. माझ्या पोरीचं.

त्या वेळी माझ्या हातात किती वेळ होता? बिडीचा एक झुरका मारावा एवढा. तेवढ्यात सर म्हणाले, "काय निघालं?" मी पोरीच्या नावाचा तुकडा मुठीत दाबला आणि गणपतीचा वर धरला.

"लग्नपत्रिका, सर! उस्तादांनी पॅकिंग म्हणून लग्नपत्रिका टाकली!"

कुणी मला विचारलं नव्हतं ती कुणी टाकली. मी नुसतं 'पॅकिंग गेलंय' म्हणालो असतो तरी भागत होतं. उस्तादांचं नाव मी स्वतः, आपल्या जिभेने, आणून ठेवलं.

काय हशा झाला म्हणता! चहावाला म्हणाला, "म्हणूनच डुलती मी म्हणलं, वरातीत निघाली गाडी!" त्या हशाने उस्ताद रस्ता ओलांडून आले, हात पुसत. कुणीतरी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला. गणपती बघितला नाही. बोल्टचं भोक बघितलं. कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं.

"भोकं बराबर पाडलीत," ते म्हणाले. "हात बसलेला हाय."

लोकांना वाटलं म्हातारा स्वतःचीच तारीफ करतोय. आणखी हसले. मीही हसलो. उस्तादांनी तुकडा सरांच्या गाडीच्या मडगार्डवर ठेवला आणि परत गेले.

पुढचं काम माझ्या जिभेने केलं. पायरीवर बसून मी ती गोष्ट वाढवत नेली. आधी नुसता गणपती होता. मग मुहूर्त आला, मग मामांची नावं, मग 'आहेर आणू नये'. लोक पार लांबच्या धावड्याहून गाडी घेऊन यायचे आणि आधी गोष्ट ऐकायचे. उस्तादांना 'पत्रिकावाले' नाव पडलं. गाडी लावताना लोक त्यांना विचारायचे, "उस्ताद, मुहूर्त कधीचा?" ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वहीचा कागद वापरला नाही, त्याला. दोन वर्षांत त्यांचं शटर बंद झालं. अंकुशनगरला कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची चाकं काढायला गेले. चाकं! ज्यांना इंजिनाचा श्वास कळायचा.

पुढे त्याच पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी स्वतः गेलो होतो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. त्यांनी खाटेवर बसवलं, चहा दिला. पत्रिका हातात घेतली, वाचली नाही, दोन बोटांत चोळली.

"जाड हाय," एवढंच म्हणाले. आणि, "येतो मंग."

मी तोंड उघडलं आणि येताना रस्त्यात भेटलेल्या रानडुकराची गोष्ट सांगितली. डुक्कर नव्हतंच. लग्नाला ते आले, पहिल्या पंगतीत बसले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटच्या एसटीची वाट न बघता गेले.

गेल्या महिन्यात उस्ताद वारले. दहाव्याला नदीवर बरीच माणसं होती, त्यांचा मुलगाही. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसलेले, आणि कुणीतरी, प्रेमानेच, म्हणालं, "पत्रिकेची गोष्ट सांगा ना. उस्तादांची आठवण." मुलाने मान खाली घातली. त्याने ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल? त्याच्या शाळेत, लग्नात? त्याला सांगायची ती जागा होती. पाच शब्द पुरले असते.

मी सांगितली. जुनीच सांगितली. आणि या खेपेला त्यात जेवणाचा बेतही घातला — बुंदी, मठ्ठा, वांग्याची भाजी. लोक हसले. मुलगासुद्धा हसला, थोडा.

घरी येऊन मी कार्बोरेटरचे जेट ठेवायचा डबा उघडला. तो दुसरा तुकडा तिथंच आहे, बावीस वर्षं. पेट्रोलने पिवळा पडलाय, पण शाई गेली नाही. त्यावर मुहूर्त नाही, मामा नाहीत, बुंदी नाही. मी पाडलेलं एक भोक आहे, बराबर पडलेलं. आणि शेजारी एवढंच — 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं. पिंकी.'