हद्दीबाहेरचा खांदा

उजवा खांदा आखडला आणि माझ्या पाठीपर्यंत पोहोचेल असं घरात कुणी नाही, हे पहिल्यांदा टोचलं. ब्लाउजचे हुक पुढे असतात, ते निभावलं. केसांचं मात्र काही केल्या जमेना. एका हाताने वेणी घालून बघा, म्हणजे कळेल.

सगळा संसार नारायण पेठेत झाला. नवरा गेल्यावर भाड्याची जागा सोडावी लागली आणि परवडेल असा फ्लॅट लोणी काळभोरला मिळाला. दवाखाना मात्र मी कसबा पेठेतलाच धरला. महापालिकेचा, उपचार फुकट, आणि आत व्यायामाची वेगळी खोली. भिंतीवरच्या कप्पीतून दोरी ओवलेली असे. चांगल्या हाताने ओढली की दुखरा हात वर जायचा. आम्ही बायका ओळीने दोऱ्या ओढायचो. विहिरीवर पाणी शेंदतोय, असं एकजण रोज म्हणायची आणि आम्ही रोज हसायचो.

गुडघ्यांसाठी एक मुसलमान बाई येत असे. तिच्या नवऱ्याचं जवळच्याच गल्लीत कुलपं दुरुस्तीचं दुकान होतं. मी शिक्षिका होते म्हणून ती मला बाई म्हणायची. माझ्या मानेवरचा गुंता बघून तिने विचारलं, "बाई, घरी कुणी नाही का?" नाही म्हटल्यावर तिने मला पुढ्यात बसवलं आणि वेणी घातली. मग दर वेळी घालू लागली. नवरा गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. खांद्यासाठी बस पकडते, असं मी शेजाऱ्यांना सांगायचे. खरं तर वेणीसाठी जायचे.

पुढे बाहेरचे लोक फार येतात अशी ओरड झाली. नगरसेवकांनी मंडळाच्या हॉलमध्ये सभा घेतली. गृहस्थ जुने समाजवादी. दवाखाना फुकट राहावा म्हणून तेच भांडले होते, त्याबद्दल मला त्यांचा आदरच होता. "आरोग्य सगळ्यांचा हक्क आहे," ते म्हणाले.

"सगळे म्हणजे कुठपर्यंतचे?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

नगरसेवक हसले नाहीत. "महापालिकेच्या हद्दीपर्यंतचे. त्यापलीकडे पुरं पडत नाही."

मी उठले. "मग सगळे कशाला म्हणता?"

"आपण कुठल्या?"

"लोणी काळभोरची."

"मग यात आपलं काय देणंघेणं?"

अगदी नम्रपणे विचारलं. आमच्याकडे माणसाला बाहेर काढतानाही 'आपण' म्हणतात. शिवाय त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कर त्यांचे, औषधं त्यांची, रांगेत ताटकळणारी म्हातारी माणसंही त्यांचीच. माझ्याकडे उत्तर होतं, पण इथे माझी कुणी वेणी घालतं, असं भर सभेत कसं सांगणार? मी खाली बसले.

पत्ता शहरातला असेल तरच उपचार, असा नियम झाला. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर माझी वेणी घालणारी ती म्हणाली, "माझ्या घरचा पत्ता द्या. कोण बघायला येतंय?" मला भरून आलं. पण खोटं लिहू नका, असं जन्मभर पोरांना सांगत आले होते. नको म्हटलं.

"मग वेणीला घरी या."

हो म्हटलं आणि गेले नाही. काम नसताना कुणाच्या दारात कसं जायचं, हे मला पेठेत कुणी शिकवलंच नाही.

लोणीच्या फ्लॅटमध्ये दाराला दोरी बांधून व्यायाम करत राहिले. तिथे हसायला कुणी नव्हतं. दिवसभर कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नाही. एका सकाळी हात मागे पोहोचला. वेणी झाली, वाकडी, पण माझी मी घातलेली. आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. तिच्याकडे जायला आता निमित्तही उरलं नव्हतं.

मी वेणी सोडली आणि बस पकडली.

तिने दार उघडलं, काही न विचारता पुढ्यात बसवलं.

"हात अजून पोहोचत नाही," मी म्हणाले.

तिची बोटं केसांत थांबली. नुकत्याच सोडलेल्या वेणीचे पीळ तसेच होते.

"हो ना," ती म्हणाली आणि केसांचे तीन पेड करायला लागली. "तुमचा खांदा काही इतक्यात बरा व्हायचा नाही."