जिनसेंगची बाटली

फलटणला आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. फौज सोडून इतकी वर्षं झाली, तरी मला चहाला हाक मारतात तीसुद्धा परेडवर मारावी तशी. त्यांचा मुलगा कोरियात जहाजाच्या कारखान्यात वेल्डर आहे. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने तिच्यासाठी तिकडच्या जिनसेंगच्या मुळीचा पाक पाठवला. आजारातून उठलेल्या माणसाला तिकडे तो देतात म्हणे.

सुभेदारांना मात्र कुणीतरी सांगितलं, की त्याने पुरुषाची ताकद वाढते. बाटली त्यांच्या कपाटात गेली. रोज सकाळी ओसरीवर बसून ते चमचाभर पाक चाटायचे आणि मला दंड चाचपायला लावायचे.

"बघा मास्तर, लोखंड हाय का न्हाई?"

"अहो, काकूंसाठी आलाय ना तो?" मी एकदा न राहवून म्हणालो.

"तिला कुठं कुस्ती खेळायचीया?" म्हणून ते मोठ्याने हसले. काकू तेव्हा भिंतीला धरून पाण्याची कळशी आत नेत होत्या.

परवा मी तिथं असतानाच मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, पाक खातीस न्हवं?"

सुभेदार बायकोकडे बघत राहिले.

"खाती की रं. लय बरं वाटतंय," काकू म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर त्या धापा टाकत उंबऱ्यावरच बसल्या.

"आणखी एक बाटली पाठव म्हणायचं हुतंस की," सुभेदार म्हणाले.