तिसऱ्या हाकेचा 'तू'

सेनायत सात वर्षं उजव्या खुर्चीत होती. विमानात डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी फर्स्ट ऑफिसरची. कॅप्टन व्हायला रांग लांब होती, पण तिला समजावून सांगायची हातोटी होती. म्हणून अदिस अबाबाच्या प्रशिक्षण केंद्रात आठवड्यातले दोन दिवस तिला सिम्युलेटरवर शिकवायला बसवलं. सहा पायांवर डोलणारी ती खोली म्हणजे कॉकपिटची हुबेहूब नक्कल. आत विमान आपटलं तरी कोणी मरत नाही.

केंद्राच्या कँटीनमध्ये कॅप्टन मेंगेशा इंजेराचा, म्हणजे आंबवलेल्या धिरड्याचा, तुकडा शिरो नावाच्या पिठल्यात बुडवत तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आता बिनलग्नाच्या पोरी सासवांना नांदायला शिकवणार!"

"नांदायला नाही, कॅप्टन. उजवीकडून तुम्ही कसे दिसता, तेवढंच सांगते."

"तेच तर ऐकवत नाही ना!" मेंगेशा हसायचे.

तिचं नाव या कामासाठी गाशे अशागरेंनी सुचवलं होतं. गाशे म्हणजे थोरला भाऊ. सगळं केंद्र त्यांना तसंच म्हणायचं. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ते सांगत, "आपलं एक दुखणं आहे. वडीलधारा माणूस खड्ड्यात चालला तरी आपण 'जरा बघता का' म्हणतो. विमानाला तेवढी सवड नसते. मला दोनदा 'तुम्ही' म्हणून सांगा. तिसऱ्यांदा 'तू' म्हणा आणि विमान हातात घ्या."

शिकाऊ सेनायतच्या तोंडून तेव्हा निघालं होतं, "गाशे, तू वर चला!" वर्ग खिदळला. गाशेंनी तिच्याकडून ते वाक्य वीसदा घोटून घेतलं.

त्या मार्चमध्ये गाशे सहामाही परीक्षेआधीच्या सरावाला तिच्याकडे आले. वय त्रेसष्ट, निवृत्तीला दोन वर्षं. त्यांच्या जोडीचा फर्स्ट ऑफिसर तापाने आडवा होता, म्हणून उजव्या खुर्चीत सेनायतच बसली. परीक्षा दुसऱ्या दिवशी कॅप्टन मेंगेशा घेणार होते. तिने फक्त 'तयार' किंवा 'तयार नाही' एवढंच लिहायचं होतं.

उतरताना वेग फार होता. विमान हवं त्यापेक्षा उंचावर होतं. अशा वेळी उतरणं सोडून पुन्हा वर जायचं असतं.

"गाशे, तुमचा वेग जास्त आहे. वर चला."

विमान तसंच खाली येत राहिलं.

"गाशे, तुम्ही वर चला!"

त्यांचे डोळे धावपट्टीकडे होते, पण ते काही बघत नव्हते.

"तू सोड! माझ्याकडे दे!" तिने दोन्ही इंजिनांचा जोर वाढवला, नाक वर उचललं. मग खोली थांबवली.

गाशे तिच्याकडे वळले. "माझ्याशी अरे-तुरे करतेस?"

तिला चेष्टा वाटली. ती हसली. ते हसले नाहीत.

"तुमचाच नियम ना, गाशे? तिसऱ्या हाकेचा?"

"कसला नियम?"

मागच्या दोन सरावांचे कागद तिने काढले. दोन्हींवर गाशेंच्या कॅप्टन मित्रांच्या सह्या, दोन्हींवर 'तयार'.

"तूही तेच लिही," गाशे हळू आवाजात म्हणाले. "क्षणभर लक्ष उडालं, एवढंच. उद्या मेंगेशा सांभाळून घेईल."

"आणि खऱ्या विमानात उजवीकडे कोण असेल, गाशे?"

तिने 'तयार नाही' लिहिलं. अक्षर ओळखू येईना, म्हणून खाली पुन्हा लिहिलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि गाशेंचं उडणं बंद झालं. कँटीनमध्ये आता तिला कोणी टोमणा मारेना. मेंगेशा फक्त एकदा म्हणाले, "डाव्या खुर्चीत तू एक दिवसही बसली नाहीस. आणि त्याला उठवलंस."

मग केंद्रातल्या कॅप्टनांनी मिळून अर्ज दिला, की फर्स्ट ऑफिसरने शिकवू नये. केंद्राने तो मानला. शिकवणाऱ्यांच्या यादीतून नाव कमी झाल्याचं तिला फारसं लागलं नाही. अर्जावर सातवी सही गाशेंची होती, ठसठशीत. ती तिने पाहिली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

रविवारी ती त्यांच्या घरी गेली. दार बायकोने, यशीमेबेतने उघडलं. आत शेगडीवर कॉफीचे दाणे भाजत होते. कॉफीच्या पाहुणचारासाठी जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं होतं.

"कसे आहेत, इतिये?" सेनायतने विचारलं. इतिये म्हणजे थोरली बहीण.

"झोपलेत. जागे असते तरी आले नसते." यशीमेबेतने दाराची कडी हातातच धरून ठेवली. "तू नसतंस लिहिलं तर दोन वर्षं निघाली असती गं."

"मागे माणसं बसतात, इतिये. दोनशे माणसं."

"ठाऊक आहे. घरात मीच बघते ना, चष्मा डोळ्यांवर असतो आणि घरभर शोधत असतात. तू बरोबर लिहिलंस." तिचा आवाज फाटला. "पण कॉफीला बस म्हणून तुला नाही म्हणता येणार मला. आज नाही. रागावू नकोस."

या शहरात दाणे भाजत असताना दारातून कोणाला परत पाठवत नाहीत. सेनायतने मान हलवली. दोघी तीनदा एकमेकींच्या गालाला गाल लावून भेटल्या. मग ती जिना उतरली.