कमळाकर भोईरचा हात

खरवईच्या कमळाकर भोईरला कुणी नुसतं कॅमेरावाला म्हटलं की राग यायचा. तो म्हणायचा, कॅमेरा काय, कुणीही विकत घेतं. हात विकत मिळत नाही. बदलापूरपासून जांभूळपर्यंतच्या निम्म्या हळदी आणि लग्नं या माणसाने तीस वर्षं खांद्यावरच्या कॅमेऱ्याने टिपली होती. स्टुलावर उभं राहून अख्ख्या मंगलाष्टका न हलता घेतो, अशी त्याची ख्याती होती. ती त्याने स्वतःच पसरवली होती हे खरं, पण खोटी नव्हती.

अशा कमळाकरच्या मागे सत्तावन्नाव्या वर्षी बायकोने, बकुळाने, हिमाचलचा धोशा लावला. जन्मभर मंडपाबाहेर काही पाहिलं नाही, आता डोंगर बघा, त्यांचा व्हिडिओ करा, आणि याच वर्षी जा. एरवी बारशाची ऑर्डरसुद्धा हातची न सोडणाऱ्या बाईला हे काय सुचलं, याचं त्याला नवल वाटलं. पण मनातून तो सुखावला होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नवरा-नवरीमागे फिरल्यावर माणसाला एकदा तरी स्वतःला हवं ते टिपावंसं वाटतंच. नऊ तारखेचं तिकीट निघालं.

अडचण होती वजनाची. विमानात हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा, आणि त्याचा कॅमेरा बॅटरी-लाइटसकट आठ भरायचा. वर तो डोंगरावर वाहणार कोण? मग उल्हासनगरला हरेशच्या दुकानात फेऱ्या सुरू झाल्या. हरेश सिंधी, पंधरा वर्षांच्या ओळखीचा, गिऱ्हाइकाला गरज नसलेली वस्तू न विकणारा; असे दुकानदार आता शोधून सापडत नाहीत. त्याने मुठीत मावणारा कॅमेरा काढला, एकच झूम लेन्स, घडीचा स्टँड आणि तीन बॅटऱ्या. शिवाय गिंबल दाखवला. गिंबल म्हणजे मोटर बसवलेली दांडी. कॅमेरा तिच्यावर चढवला की हात हलला तरी चित्र हलत नाही. कमळाकरने ती दांडी परत सरकवली. ज्याला हात नाही त्याने ही कुबडी घ्यावी, असं वर ऐकवलं. बाकी सगळं मिळून दोन किलोच्या आत बसलं, आणि स्वारी खुशीत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावासाठी तो अंबरनाथच्या शिवमंदिरात गेला. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम, स्टँड न उघडता, कॅमेरा हातातच धरून लेन्सने जवळ ओढत तासभर टिपलं. उन्हात त्या चिमुकल्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. घरी येऊन त्याने कॅमेरा टीव्हीला जोडला, आणि शेकडो वर्षं जागचं न हललेलं ते देऊळ टीव्हीवर थरथरत होतं. एका तुकड्यात नव्हे, तासाभराच्या प्रत्येक तुकड्यात.

नाचता येईना अंगण वाकडं, हे लोकांना सांगत आलेला माणूस आता स्वतः अंगणाला नावं ठेवू लागला. लेन्स सैल आहे, पीस खराब आहे, हरेशने ओळखीच्या माणसाला टोपी घातली, असं बडबडत त्याने स्कूटर काढली आणि तडक दुकान गाठलं.

हरेशने वाद घातला नाही. कॅमेरा हातात घेऊन त्याने समोरच्या इमारतीवरची पाटी लेन्सने जवळ ओढून टिपली. अक्षरं जागच्या जागी होती. मग त्याने कॅमेरा कमळाकरच्या हातात दिला. तीच पाटी, तीच जागा. अक्षरं थरथरत होती. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. हरेशने दुरुस्तीच्या फळीवरचा एक जुना जड कॅमेरा उतरवून त्याच्या खांद्यावर ठेवला. आता पाटी स्थिर होती. हरेशने तो कॅमेरा उतरवून पुन्हा फळीवर ठेवला.

"साईं, पीस में कुछ नहीं," तो म्हणाला. "हात तुमचा हलतो. जड कॅमेरा त्याला दाबून धरत होता."

 कमळाकरने उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं बारीक थरथरत होती, आणि त्यांना थांबवायला गेला तर जास्तच. ज्या हातावर त्याने उभा जन्म तोरा मिरवला, तो कधीपासून फितूर झाला होता, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्याच अंगातली गोष्ट आणि ती दुकानदाराने सांगावी! हरेशने बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. कमळाकर चहाला हात न लावता उठला. कप उचलायची त्याला भीती वाटली.

घरी बकुळा सुकट निवडत बसली होती. त्याने दारातच चप्पल काढता काढता, परत सरकवलेल्या दांडीपासून, सगळं सांगून टाकलं. ती दचकेल, देवाचं नाव घेईल, निदान हातातली सुकट तरी खाली ठेवेल, असं त्याला वाटलं होतं. ती सुकट निवडतच राहिली. 

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्सां जाली," बकुळा म्हणाली. "मी तुमाला कप अर्धाच भरून देतंय. मना वाटला तुमाला बी ठाव हाय, पन बोलत नाय."

तिच्या बापाचं असंच झालं होतं. आधी बोटं, मग मनगट, आणि पुढे जेवायला बसलं की घास तोंडापर्यंत नेणारं दुसरं माणूस लागायचं. ते सारं तिने जवळून पाहिलं होतं. हाताचं नाव न काढता डॉक्टरकडे चला म्हणून तिने दोनदा सुचवलं, तेव्हा याने नुसतं पित्त आहे म्हणून विषय उडवला होता. म्हणून मग तिने हिमाचल काढलं. हात चालतो आहे तोवर माणसाने मनासारखं काही टिपून घ्यावं, एवढाच तिचा हिशेब.

कमळाकर भिंतीला टेकून खाली बसला. इतके दिवस तो समजत होता की बायकोला अचानक हौस आली आहे. राग यावा असं काही नव्हतं, तरी त्याला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मग त्याने विचारलं, "किती दिवस राहील गं हात?"

बकुळाने त्याचा थरथरता हात आपल्या सुकटीचा वास येणाऱ्या हातात घट्ट धरला.

"ता मना ठाव नाय. उद्या डाक्टरला इचारू," ती म्हणाली. "आज हरेशकडं परत जावा, आन ती दांडी घेऊन या."