उलटीच्या गोळीचे बुधवार

दर बुधवारी परभणीला मानसोपचार ओपीडीच्या त्याच बाकावर बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपले आपण साचतात. मी फक्त वहीत टिपत गेलो.

*

माझ्या धाकट्या भावाला, विलासला, नसलेले आवाज ऐकू येतात. स्वतः मात्र तो वर्षभर एक शब्द बोललेला नव्हता. नेहमीच्या औषधांसोबत ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी, औषधाच्या अभ्यासासाठी म्हणून, एक जादा गोळी सुरू केली. फॉर्मवरचं गोळीचं नाव मी आमच्या मानवतच्या मेडिकलवाल्याला दाखवलं.

"ही तर उलटीची गोळी! उलट्या व्हायल्यात का?"

"न्हाई. गप बसायलाय."

मॅडमना विचारलं, या गोळीनं तो बोलेल का? त्या म्हणाल्या, "माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता, काका!"

*

निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, बिनऔषधाची. कुणाला कोणती, हे मॅडमनाही ठाऊक नाही. हे ऐकून बाकावर शेजारी बसणाऱ्या राधामावशी भडकल्या. त्या बोरीहून लेकीला, सुनीताला, घेऊन यायच्या; तीही याच अभ्यासात होती.

"मंजी माझ्या लेकरावर चिठ्ठ्या टाकल्या का तुमी?"

"मावशी, सही घेताना सगळं सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"तवा मी हिच्याकडं बघायलते!"

*

पुढच्या बुधवारी मावशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, गोळ्यांच्या पुड्या मिसळू. अर्ध्या तुमच्या, अर्ध्या आमच्या. कोनाचंच लेकरू औषधावाचून ऱ्हायचं न्हाई."

मला पटलं. बाकावर रुमाल पसरून आम्ही दर बुधवारी गोळ्या वाटून घेऊ लागलो. लय प्रामाणिक वाटणी!

*

दीड महिन्यात विलास आपणहून अंगणात येऊन बसू लागला. किती वेळ बसला, काय खाल्लं, मी सगळं तारीखवार लिहिलं. मॅडम खूश! "काका, अशी नोंद कुणीच ठेवत नाही. बघू वही."

मी अभिमानानं दिली. पानं उलटता उलटता त्या थांबल्या. माझ्याच अक्षरात होतं: 'बुधवार. राधामावशींसोबत गोळ्या वाटून घेतल्या. समान.'

"काका, आता दोघांचंही काहीच सांगता येणार नाही."

"पण विलास बाहेर बसतोय, तो गोळीनंच ना?"

"ते आता कधीच कळणार नाही."

दोघांचीही ती गोळी बंद झाली. वही मॅडमनी फाइलसोबत ठेवून घेतली.

*

बाहेर गेटपाशी मावशी पदरात तोंड घालून रडत होत्या. मी विलासला गाड्यावरचा पेरू घेऊन दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी फोडला आणि एक फोड सुनीतापुढे धरली.

"अर्धा तुमचा, अर्धा आमचा," विलास म्हणाला.

लिहून घ्यायला मी पिशवीत हात घातला. वही आत मॅडमकडेच राहिली होती.