चिवड्याच्या डब्यात बारा व्होल्ट

लाईट गेली की उपयोगी पडणारे बॅटरीचे डबे आम्ही घरच्या घरी बनवायला लागलो, तेव्हा वाटलं होतं की पसारा होईल तो वायरींचा. पण डबे लोक उचलून घेऊन गेले आणि पसारा उरला तो किश्श्यांचा! अजूनही सलीमभाई आणि मी सोसायटीच्या फाटकात भेटलो की "ते आठवतं का?" असं सुरू होतं, आणि हातातली दुधाची पिशवी गरम होईपर्यंत संपत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. धनकवडीतल्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणारे देवधरकाका, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. समोरच्या बिल्डिंगमधले सलीमभाई, त्यांचं रविवार पेठेत घड्याळांचं दुकान. आणि मी, वैशाली. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी, पण ट्रॅफिकच्या कृपेने निम्मा आठवडा घरूनच काम.

देवधरकाकांच्या मंगलकाकूंना आम्ही चौथ्या मेंबर म्हणायचो. त्या ते मान्य करत नसत. "मी तुमच्यात नाही. मी फक्त भांडी पुरवते."

* * *

मी यात पडले कशी? गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. माझ्या परदेशातल्या क्लायंटला माहीत नव्हतं! ऐन मीटिंगमध्ये माझा आवाज बंद, चेहरा बंद. मी एका हातात लॅपटॉप आणि एका हातात राऊटर घेऊन जिना उतरत होते. कुठे चालले होते, मलाही माहीत नव्हतं.

काका दारात उभे होते. "काय झालं गं?"

"काका, वाय-फाय गेला!"

"अरेरे. वय काय होतं?"

मला रडू यायचं बाकी होतं. काकांनी माझा चेहरा पाहिला, चेष्टा तिथेच थांबवली आणि राऊटर हातातून काढून घेतला. गॅलरीत एक प्लॅस्टिकचा डबा होता. आत चार सेल, एक छोटं सर्किट, एक फ्यूज, आणि बाहेर डकवलेला जुना प्लग. राऊटर लागला, दिवे लुकलुकले, आणि मी देवधरांच्या शेवग्याच्या शेंगांच्या ढिगाशेजारी बसून मीटिंग पूर्ण केली.

क्लायंटने विचारलं, मागे हे हिरवं काय आहे. काकूंना इंग्रजी उत्तम येतं. त्या शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "लंच!"

दुसऱ्या दिवसापासून मी काकांकडे सोल्डरिंग शिकायला जायला लागले.

* * *

बाजारातला तयार बॅकअप महाग म्हणून आपण घरी करायचा, हा काकांचा हट्ट. मग डब्यावर पैसे का घालवायचे? काकूंच्या फडताळात होते की! आधी भाजणीचा डबा गेला. मग साबुदाण्याचा. काकू काही बोलत नसत, फक्त भाजणी कुकरच्या भांड्यात भरून ठेवायच्या आणि ते भांडं जेवताना काकांच्या समोर आणून आदळायच्या.

एकदा काकूंची मावसबहीण आली, कोथरूडहून. काकूंनी कौतुकाने चिवड्याचा डबा काढला, ताटली मांडली आणि झाकण उघडलं.

आत लाल-काळ्या वायरी!

काका पेपरात तोंड खुपसून बसले. मावसबहीण डब्यात डोकावली. काकूंनी शांतपणे झाकण परत लावलं आणि म्हणाल्या, "चिवडा संपलाय गं. बारा व्होल्ट आहेत, देऊ?"

* * *

सलीमभाईंचा हात म्हणजे घड्याळजीचा हात. भुवईत भिंग अडकवून ते सोल्डरिंगचा असा टाका द्यायचे की काका नुसते बघत बसायचे. पण विजेची त्यांना भीती. म्हणायचे, "देवधरसाहेब, जन्मभर दीड व्होल्टचा धंदा केला. हे बाराचं प्रकरण मला झेपायचं नाही."

आणि एका रविवारी नेमकी त्यांच्याच हातून लाल वायर काळीच्या जागी लागली. फाट्‌! ठिणगी उडाली, फ्यूज गेला, आणि सलीमभाई खुर्चीसकट मागे सरकले. बाकी कशाला काही झालं नव्हतं. पण त्यांचा चेहरा उतरला. "माफ करा, तुमच्या घरात आग लागली असती," एवढंच बोलले आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर "दुकानात गर्दी आहे." घड्याळाच्या दुकानात, आजच्या काळात, गर्दी!

शेवटी काका मला घेऊन रविवार पेठेत गेले. काउंटरवर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. "हे बंद पडलंय. बघता का जरा?"

सलीमभाईंनी भिंग चढवलं, मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं, कानाला लावलं. "साहेब, हे तर चालू आहे."

"चालू आहे? मग तुम्ही का बंद पडलात?"

सलीमभाई घड्याळाचं झाकण परत बसवायला लागले. काका म्हणाले, "फ्यूज उडाला म्हणजे फ्यूजने काम केलं. त्याला आपण त्यासाठीच ठेवलाय. तुम्हाला आम्ही टाके द्यायला ठेवलंय. चला, मंगलने आज थालीपीठ केलंय."

सलीमभाईंनी भिंग काढलं. डोळे पुसले. "भिंगाने पाणी येतं," म्हणाले.

"मग भिंग बदला," काका म्हणाले आणि त्यांच्या दुकानाचं शटर स्वतः ओढायला लागले.

* * *

शांताबाई कात्रजला, दूध डेअरीच्या पुढे, हातगाडीवर भाजी विकतात. अंधार पडला की त्यांचं गिऱ्हाईक पुढच्या दिव्याखालच्या गाडीकडे जायचं. आम्ही त्यांना एक डबा दिला, वर पांढराशुभ्र एलईडी. कसला लख्ख उजेड पडला! आम्ही तिघं छाती फुगवून घरी आलो.

दोन दिवसांनी शांताबाई डबा काखेत घेऊन हजर. "दादा, डबा बिघडला हाय."

काकांनी तपासला. "बिघाड काही नाही. उत्तम चालतोय."

"चालतुय, पर भाजी आजारी दिसतीय की! टमाटं बघा, ताप आल्यावानी. माझं मलाच घ्यावंसं वाटंना!"

सलीमभाई हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. काका मात्र गंभीर. त्यांनी उठून बॅटरी टेबलावर घेतली, घरातून चार टोमॅटो आणि एक वांगं मागवलं, खिडकीचे पडदे ओढले, आणि वेगवेगळे दिवे लावून बघत बसले. पिवळसर दिव्याखाली वांगं असं काही चमकलं की काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तेवढं परत द्या. आजची भाजी आहे ती."

नवा दिवा लावल्यावर शांताबाईंनी आपल्या गाडीकडे लांब जाऊन पाहिलं. तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "आता कशी! वांगी नवरीवानी दिसत्यात!"

आमच्या कामाला एवढं मोठं सर्टिफिकेट नंतर कोणी दिलं नाही.

* * *

मग काका आजारी पडले. आधी वाटलं साधा खोकला आहे. तसं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, आम्ही आळीपाळीने जायचो. सलीमभाई दुकान लवकर बंद करून यायचे आणि काकांचे पाय चेपायचे. आयुष्यात कोणाला पायाला हात लावू न देणारे काका तेवढे मात्र चेपून घ्यायचे.

एका दुपारी तिथली लाईट गेली. खोली क्षणभर अंधारली, मग खाली जनरेटर घरघरला आणि दिवे आले. सिस्टर धावत आत आली. "आजोबा, घाबरू नका हं!"

काकांनी मास्क बाजूला केला. "सलीमभाई, जनरेटरने वेळ लावला ना?"

"लावला साहेब."

"सुस्त मशीन आहे." मग सिस्टरकडे वळून अगदी आपुलकीने म्हणाले, "काळजी करू नकोस, बाळ. मी घरी गेलो की तुम्हाला आमचा एक डबा पाठवतो."

काका घरी आले नाहीत.

* * *

काकूंकडे एक डबा राहिला होता. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी काकांनी स्वतः जोडलेला, स्वतः पूर्ण चार्ज केलेला. वरच्या छोट्या पडद्यावर आकडा होता, शंभर. काकूंनी तो हॉलमधल्या स्टुलावर ठेवला. लाईट जायची, तेव्हा त्या मेणबत्ती लावायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, डबा आहे की." त्या म्हणाल्या, "असू दे. त्यांनी भरलेला आहे."

पुढे मी विषय काढला नाही.

उन्हाळ्यात एकदा सकाळी त्यांचा फोन आला. आवाज घाबरा. "वैशाली, जरा येतेस? शंभराचे शहाण्णव झालेत. मी हातसुद्धा लावलेला नाही गं!"

मी गेले. खोटं बोलता आलं असतं, पण काकू समोर उभ्या होत्या. "काकू, तो आकडा दाखवायला थोडी वीज लागते. आणि पडदा बंद ठेवला तरी बॅटरी आतल्या आत थोडी उतरतेच."

"म्हणजे जपून ठेवली तरी जाणारच."

"हो."

त्यांनी पदराने डब्यावरची धूळ पुसली. "बरं," म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी लाईट गेली. ऊन मी म्हणत होतं. काकूंचा फोन. "ये. सलीमभाईंनाही घेऊन ये. पंखा लावलाय."

हॉलमध्ये बारा व्होल्टवर चालणारा छोटा टेबल फॅन फिरत होता, वायर डब्याला. आम्ही दोघं समोर बसलो. काकूंनी पन्हं दिलं आणि पंख्याचं तोंड आधी सलीमभाईंकडे केलं, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे.

"काकू, तुमच्याकडे वारा येत नाहीये," मी म्हटलं.

"येतोय मला."

काकूंनी डोळे मिटले होते. पांढरे केस कपाळावर उडत होते, त्यांनी ते मागे सारले नाहीत. आकडा हळूहळू उतरत होता आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत नव्हतो.

तासाभराने फ्रीज थरथरून सुरू झाला. शेजारच्या टीव्हीचा आवाज आला. लाईट आली होती. डोक्यावरचा पंखाही कुरकुरत फिरायला लागला.

सलीमभाई उठले. भिंतीपाशी गेले, छताच्या पंख्याचं बटण बंद केलं आणि आपल्या खुर्चीत परत येऊन बसले.

"दोन-दोन पंखे कशाला?" ते म्हणाले. "हा बरा आहे."