अप्पांनी पुसून टाकलेला लॅपटॉप

अप्पा गेल्याचं मला पालमच्या स्टँडवर, एसटीची वाट बघताना कळलं. शेजारचा माणूस हळहळला, "लय देवमाणूस होता बगा." माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाचा देवमाणूस!" तो उठून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला. महिना उलटलाय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण मला चांगलं सुचेल असं अप्पांनी वागायला तर पाहिजे होतं!

आमच्या गावच्या स्टँडसमोर त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि रोज सकाळी तेच तीन पट्टे दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला. मशीन अडलं की आधी शिवाचं नाव, मग प्लग बघायचा. वीस वर्षं मी तिथं चहा प्यायलो. मास्तरकीत गावोगाव फिरताना, येलदरीच्या मासे धरणाऱ्यांपासून देवगाव फाट्याच्या हॉटेलवाल्यापर्यंत, ऐकलेले बोलीतले शब्द मी टिपून ठेवले होते. सगळे लॅपटॉपवर चढवले आणि वह्या रद्दीत घातल्या. काय ती माझी अक्कल! पुढं लॅपटॉप इतका मंद झाला की चालू करावा आणि आंघोळ उरकून यावी. शेवटी नवा घेतला. "गुरुजी, ठिवा हितं दोन्ही. उद्या सगळं नव्यात टाकून देतो," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप घरी आणून उघडला. सगळी ओळखीची चित्रं जागच्या जागी, पण एकही उघडेना. ना टायपिंगचं सॉफ्टवेअर, ना शब्दांची फाइल. अप्पांनी पडद्यावरची नुसती चित्रं पेनड्राइव्हवर उचलून आणली होती. घर तिथंच, दारावरची पाटी तेवढी काढून आणलेली! मी तसाच दुकानात गेलो. गिऱ्हाइकं बसलेली, त्यांची लेक संगीता टायपिंग करत होती. मी ओरडलो, "अडाणी माणसा, मशीनला राख फासून अक्कल येत नसते! जुना लॅपटॉप कुठाय?" अप्पांनी मान वर केली नाही. "पुसून टाकला. जावा आता," एवढंच म्हणाले.

तीन वर्षं मी ते दुकान आलं की रस्ता ओलांडायचो. घरी शब्द पुन्हा लिहायला बसायचो. दहा-बारा आठवायचे आणि डोकं फिरायचं. नोकरीभराची मेहनत त्या माणसानं मातीत घातली होती.

परवा संगीता घरी आली. पिशवीतून तिनं माझा जुना लॅपटॉप काढला. मी चक्रावलो. "पुसला होता ना?"

"ते कशाचं पुसायलेत, गुरुजी! बंद पडू नये म्हणून दर सोमवारी चालू करून बगायचे. मी लय म्हनलं, देऊन टाका. तर म्हनायचे, एकदा येऊन नीट मागू दे त्यांना."

झाकणावर तीन पट्टे, एकावर एक थर बसलेले. आत सगळे शब्द शाबूत. दोन गल्ल्यांचं अंतर हो अप्पा! तुम्हाला चालत यायला काय झालं होतं? ...राख म्हणायला नको होतं मी. तेवढं कबूल आहे.

"जुनं कधी दगा देईल सांगता येत न्हाई, नव्यात घेऊन टाका," संगीता बजावून गेलीय. अजून घेतलं नाही. काल सोमवार होता. लॅपटॉप चालू केला. सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ त्या माणसाला शिव्या देत समोर बसून राहिलो.